बरण्यांवरचा कोट

भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या उकळून झाल्या की उलट्या ठेवायच्या आणि वर काहीतरी जुनं पांघरून सावकाश गार होऊ द्यायच्या, ही त्या बल्गेरियन गावातली रीत. यंदा ज्लाटकानं त्यांच्यावर गेलेल्या नवऱ्याचा, स्तोइचोचा, लोकरी कोट घातला. जिवंतपणी त्याचा स्वयंपाकात एवढा उपयोग कधी झाला नव्हता.

शेजारीण गिनका रोज कुंपणावरून विचारायची, “अगं, तो कोट माझ्या जावयाला देणार होतीस ना? थंडी तोंडावर आली.”

“बरण्या गार झाल्या की देते.”

“आठवडा होत आला, बाई! माझ्या एका रात्रीत गार होतात. मिरच्या उबवतेयस की काय?”

ज्लाटकानं कोटावरून हात फिरवला. ऊब होती. कोट द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं खरं, पण ती खोटं बोलत नव्हती.

शेवटी गिनकाच आत आली. “नासला असेल माल, म्हणून तापतोय,” म्हणत तिनं कोट उचलून खांद्यावर घेतला.

ज्लाटकानं बरणीला हात लावला. विहिरीच्या पाण्यासारखी गार. दुसरीही गार. सगळ्याच.

मागे गिनका खांद्यावरचा कोट चाचपत होती. मग हलकेच म्हणाली, “ज्लाटका, हा आत्ता कुणी अंगातून काढला गं?”