एका शब्दात झालेला खून

“पहिला ‘ब्रो’ कोण म्हणालं?” पद्माकरने विचारलं.

“मारणारा, काका. पण अगदी प्रेमाने. ‘ब्रो, गाडी काढ ना जरा.’ आणि दुसरा म्हणाला, ‘दो मिनट, ब्रो.’ तोही गोडच.” यतीनने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

नोएडातल्या एका भाड्याच्या फुटबॉल मैदानामागे, पार्किंगच्या कच्च्या जागेत, भर दुपारी दोघं उभे होते. आसपास चिटपाखरू नव्हतं. मैदान संध्याकाळी उघडायचं. तेव्हा जो येईल तो खेळायचा. कोणी कोणाचं नाव विचारायचं नाही, कारण गरजच नव्हती. गोलकीपर ब्रो, रेफरी ब्रो. गोल झाला की ‘वाह ब्रो’, नडगी फुटली की ‘सॉरी ब्रो’. एकच शब्द, पण घरगड्यासारखा पडेल ते काम करायचा.

गेल्या आठवड्यात तिथे एक ब्रो मेला होता.

यतीन सेलूचा. कलेक्टर व्हायला दिल्लीत आलेला. अग्रलेखाखाली पिवळ्या रेघा मारल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नसे, त्या पोराने त्या संध्याकाळपासून पेपर उघडला नव्हता. मेलेल्याचं नाव कळलं तर तो स्वप्नात येईल, अशी धास्ती.

काल करोलबागेतल्या मराठी खानावळीत पद्माकर त्याच्या शेजारी येऊन बसला. सरकारी भाषांतर खात्यातला माणूस, लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर. यतीनच्या भातावर त्याने स्वतःच्या वाटीतलं तूप घातलं आणि हळूच म्हणाला, “त्या संध्याकाळी आमचा शार्दूल तिथे होता.” पुढे त्याला बोलवेना. यतीनच हुंदके देऊन रडला.

“पण काका, मला शोधलंत कसं?”

“पळताना तू ‘आई गं’ ओरडलास. दिल्लीत ‘आई गं’ म्हणणारी पोरं जेवतात कुठे, हे शोधायला कितीसा वेळ लागतो?”

यतीन ओशाळून हसला. पोलीस ठाण्यात हिंदीत विचारलं असतं तर त्याची बोबडी वळली असती. काकांपुढे मात्र सगळं भडाभडा बाहेर येत होतं. आपला माणूस म्हटल्यावर असंच होतं.

“मग पुढे?”

“मग त्याने बॉनेटवर थाप मारली. ‘ब्रो!’ म्हणजे, आता बस्स. आतल्याने काच खाली केली, ‘ब्रोऽऽ?’ म्हणजे, तू कोण टिकोजीराव? झालं! कॉलर धरून त्याला बाहेर ओढला आणि तोंड दारावर आपटलं. दात उडून माझ्या बुटापाशी आला, काका. मग ह्याने स्वतःच्या डिकीतून चाकाचा पाना काढला.”

पद्माकरने आपल्या गाडीची डिकी उघडून आतला पाना दाखवला. “असा?”

“अगदी अस्साच!”

“खाली बसून दाखव. कसा पडला होता?”

यतीन धुळीत गुडघ्यांवर बसला. “पहिला घाव इथे, कानामागे. तेव्हा तो ‘ब्रो’ म्हणाला, हात जोडून. मी आयुष्यात कोणाला देवापुढेसुद्धा तसं बोलताना ऐकलं नाही. पुढचा घाव त्या जोडलेल्या हातांवर. बोटं पापडासारखी वाजली. त्याच्या पुढच्याला नुसता ‘ब’ आला, रक्ताचा फुगा होऊन. तरी हा मारतच होता. ‘ब्रो, ब्रो, ब्रो’, प्रत्येक घावाला एक शिवी दिल्यासारखा.”

“आणि थांबला कधी?”

“चेहरा उरला नाही तेव्हा. मग वाकून त्याला हलवायला लागला. ‘ब्रो? ए ब्रो?’ रडत होता, काका. लहान पोरासारखा.”

“रडत होता?” पद्माकरचा आवाज चिरकला. तो तोंड फिरवून नाक पुसू लागला. “खरंच रडत होता?”

“रडून काय उपयोग? माणूस गेला ना!” यतीनच्या मानेची शीर फुगली. “मी साक्ष देणार. माझा एक अटेम्प्ट बुडाला तर बुडाला.”

“घरी बोललास हे?”

“आईला कळलं तर दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून नेईल मला.”

“आणि इथे येतोयस ते रूमवर सांगितलंस?”

“तुम्हीच म्हणालात ना, त्याच्या माणसांच्या कानावर जाईल. कोणालाच नाही सांगितलं, बिल्कुल.”

पद्माकरने मान हलवली. खिशातून फोन काढला, बराच वेळ बोटं फिरवली आणि मग तो त्याच्या हातात दिला. पडदाभर एकच चेहरा होता. “नीट बघ. घाई करू नकोस, बाळा. जरा जरी शंका असली तरी सरळ नाही म्हण. तुला मेट्रोपर्यंत सोडतो, दोघंही विसरून जाऊ.”

असं म्हणून तो यतीनच्या मागे जाऊन उभा राहिला.

“शंका कसली? हाच! हाच तो!” यतीन जवळजवळ ओरडलाच. “ही तुटकी भुवई बघा! मरेपर्यंत विसरणार नाही मी हा चेहरा.”

मागे डिकीत पाना खणकला.

“सापडला कुठे तुम्हाला हा? कोणाबरोबर आहे?” यतीनने दोन बोटांनी चिमटा काढून फोटो लहान केला.

भिंतीवर फुगे होते, टेबलावर केक होता, केकवर ‘शार्दूल’ लिहिलेलं होतं. आणि त्या चेहऱ्याला मिठीत घेऊन, घास भरवत, पद्माकर हसत होता.