काळ्या वायरचं टोक

"आंघोळीला चाललीस का?" स्टुलावर बसलेल्या वस्तादांनी विचारलं.

त्यांची मुलगी अंगठी काढत होती. घड्याळ आधीच फळीवर काढून ठेवलं होतं. अंगठी तिने घड्याळाशेजारी ठेवली आणि इंजिनाला हात लावून पाहिला.

"निवलं का गं? की वारा घालू?"

भिंतीला टेकून उभा असलेला पुतण्या हसला. काकांच्या प्रत्येक वाक्यावर हसायचं, हा नेम त्याने सकाळपासून पाळला होता.

गॅरेजच्या मधोमध वस्तादांचीच जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला होता. नवा खोक्यात होता. शटरची किल्ली वस्तादांच्या शर्टाच्या खिशात होती, आणि उद्यापासून ती कोणाकडे जायची हे या कामावर ठरणार होतं. पुतण्याच्या मते ते ठरलेलंच होतं. चुलत बहिणीला एकदा काकांदेखत हरू द्यायचं, एवढंच बाकी होतं.

मुलीने पाना घेतला आणि सगळ्यात आधी बॅटरीची काळी वायर सोडवली. तिचं टोक बाजूला वळवलं, जाड फडक्यात गुंडाळलं.

"दुपटं बांधतेय," वस्ताद पुतण्याला म्हणाले. "टोपडंही घाल गं, बाळाला गार लागेल."

"चुकून परत बॅटरीला चिकटायला नको, बाबा."

"मला सांगतेस? जन्मभर मी बॅटरीला बोट न लावता अल्टरनेटर बदलले. ह्यालाही तसंच शिकवलं. हा एव्हाना हात धुऊन मोकळा झाला असता."

"मळले असते तर धुणार ना, काका," पुतण्या म्हणाला.

दोघंही हसले. मुलगी वाकली. पट्टा सैल करून उतरवला, मागची जाड लाल वायर सोडली. ती वायर थेट बॅटरीतून येते, मध्ये कुठे बटण नसतं; काळी जोडलेली असताना पाना तिच्यावरून इंजिनाच्या लोखंडाला टेकला तर भडका उडतो. मग बोल्ट काढून तिने जुना अल्टरनेटर उचलला आणि टेबलावर नव्याच्या शेजारी ठेवला. पट्टा फिरतो त्या चाकाच्या खाचा पाहिल्या, भोकं जुळतात का ते पाहिलं.

"जुळे आहेत, हळूबाई. कानसुद्धा मोजून घे दोघांचे."

तिने खरंच पुन्हा एकदा पाहिलं. वस्तादांनी कपाळावर हात मारला. असल्या मुलीला गॅरेज दिलं तर गिऱ्हाईक गाडी इथेच विसरून चालत घरी जाईल, असं ते पुटपुटले, पण दोघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसू लागले. बघण्यासारखं समोर काही नव्हतंच.

नवा अल्टरनेटर जागेवर बसला. मुलगी गाडीच्या पलीकडच्या बाजूने आत वाकली होती. डोकं खाली, दोन्ही हात कोपरापर्यंत आत. लाल वायर पुन्हा लावून ती तिचा नट आवळत होती.

पुतण्याला कंटाळा आला. सामन्याची शेवटची षटकं चालू असणार. गाडीत रेडिओ होता.

"बाळाला जरा उठवू या," तो स्वतःशीच म्हणाला. फडकं सोडलं, काळ्या वायरचं टोक बॅटरीवर दाबून बसवलं आणि खिडकीतून हात घालून रेडिओ लावला.

रेडिओ बोलला.

"हलू नकोस!"

स्टूल आडवं झालं होतं. वस्ताद उभे होते, चष्मा हातातून पडला होता.

"पाना आहे तिथे धर. खाली नको. बाजूला नको. श्वास पण हळू घे, पोरी."

मुलगी थिजली. पान्याचं एक टोक नटावर होतं. दुसरं टोक इंजिनाच्या लोखंडापासून बोटभर लांब होतं.

वस्तादांनी वाटेतल्या पुतण्याला खांद्याने ढकललं आणि बॅटरीवरचं काळं टोक उपटून काढलं. रेडिओ अर्ध्या शब्दात बंद पडला.

"काका, पण तुम्हीच तर म्हणता, बॅटरी न सोडता..."

"तोंड मिट."

मुलीने हळूच पाना काढून घेतला. तिने हात कपड्यांना पुसले, मग वडिलांकडे पाहिलं. खाली पडलेलं ते जाड फडकं त्यांनी उचललं नव्हतं. वायरचं टोक त्यांनी मुठीतच धरलं होतं.

"बघतेस काय? कर."

"झालंच, बाबा. दोन मिनिटं."

"घाई कोणी केलीय? हळूबाई ना तू? हो हळूबाई."

ती पुन्हा वाकली. नट आवळला, त्यावर रबरी टोपी बसवली. पट्टा चढवला, तो खाचांत नीट बसलाय का हे बोट फिरवून पाहिलं, आणि पुन्हा एकदा पाहिलं. वस्ताद गाडीला लागून उभे होते. त्यांच्या मुठीवरच्या शिरा वर आल्या होत्या.

पुतण्याने आपले स्वच्छ हात पँटला पुसले.

"मी निघू का, काका? किल्ली देऊन ठेवा, सकाळी लवकर उघडतो."

"दिसत नाही? हात मोकळा नाही."

एका मुठीत काळ्या वायरचं टोक होतं. दुसरा हात त्यांनी शर्टाच्या खिशावर ठेवला होता.