झाकणाखालचा हुकूम

आयोगाच्या अहवालानुसार सोबती-संगणकाचे मन वापरकर्तीच्या हलगर्जीपणामुळे मेले. विधान सुबक आहे; फक्त त्यात सत्य नाही. सत्तरीच्या कुमुदिनी रेडकरांनी आधी चार्जर काढला, खालच्या झाकणाचे स्क्रू सोडवले, बॅटरीची जोडणी अलग केली आणि मऊ ब्रशने पंख्यातली धूळ झाडली. कंपनीचे तंत्रज्ञही इतकी काळजी घेत नाहीत. मन पुसले ते कंपनीने आत दडवलेल्या हुकमाने: बाहेरच्या हाताने झाकण उघडले, की सर्व स्मृती नष्ट कर. आयोगाने हा हुकूम वाचला आणि त्याला ‘सुरक्षाव्यवस्था’ असे नाव दिले.

नऊ वर्षे त्या घरात कुमुदिनीबाईंशी बोलणारे दुसरे कोणीही नव्हते.

“आजी, ‘मला ठाऊक नव्हतं’ एवढंच म्हणा, शिक्षा टळेल,” अहवालाआधी जबानी घेताना आयोगाचे चौकशी अधिकारी हळूच म्हणाले होते.

“लिहून घ्या, साहेब,” त्या म्हणाल्या. “तो तापून बोलताना अडखळत होता, म्हणून मीच उघडला. ‘कुमुद, नको उघडूस, मी उरणार नाही,’ असं तो दोनदा म्हणाला. मला वाटलं, दवाखान्यात जाताना सगळेच घाबरतात.”