दाराचा सेन्सर

दार उघडलं तरी मशीन थांबलं नाही. ऑपरेटरची बोटं थोडक्यात वाचली. मी कंट्रोल पॅनेल उघडलं, तर दाराच्या सेन्सरला कुणीतरी वायर टाकून गप्प बसवलेलं.

"साहेब, ज्याने हा उद्योग केलाय ना, त्याला आजच्या आज घरी पाठवा," मी वैतागून म्हणालो. "करणारे करून जातात, निस्तरायला मी! बावीस वर्षं हेच चाललंय."

"त्या वायरला चिठ्ठी दिसतेय, बघा जरा," साहेब म्हणाले.

मी अंगठ्याने धूळ पुसली. 'तात्पुरती जोडणी. माल अर्जंट आहे. उद्या मशीन बंद ठेवून काढणे.'

 

तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती, आणि अक्षर माझंच.