डर्कचं जाकीट

सॅन फ्रान्सिस्कोतल्या सेल्सोच्या फिलिपिनो हॉटेलात जेवायला कुणी फिरकेना, तेव्हा त्यानं पंक बँडवाल्यांना स्टेज देऊन टाकलं. गर्दी जमू लागली. पण गावाहून आलेल्या म्हाताऱ्या आईला तो धिंगाणा दाखवायची त्याला लाज वाटली.

"अरे सेल्सो, या पोरांना आया नाहीत का? धड एक कपडा नाही अंगावर!"

"नाहीत गं आई. अनाथ आहेत बिचारी. आपणच जेवू घालतो," त्यानं ठोकून दिलं.

आई हळहळली. त्यांच्यातला डर्क स्टेजवर बोंबलून गात होता तोवर तिनं त्याचं खुर्चीवरचं जाकीट मांडीवर घेतलं, सगळ्या सेफ्टी पिना काढल्या आणि भोकन् भोक शिवून टाकलं. वर त्याच्यासाठी चिकन अडोबो आणि भाताचं ताट झाकून ठेवलं.

डर्क स्टेजवरून उतरून जाकीट उचलू लागला, तसं सेल्सोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ कर बाबा. तुमची ती फॅशन, तिला काय कळणार! मीच तिला म्हटलं, तुम्ही अनाथ आहात."

डर्क कितीतरी वेळ त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिला.



"वर्षभर गातोय इथे, काका, पण अनाथाश्रमात वाढलो हे कुणालाच बोललो नव्हतो. तुम्हाला कुणी सांगितलं?"