अटकेला कारण

उपासनीकाकांनी चौकातला कॅमेरा काठीने फोडला आणि स्वतःच पोलीस चौकीत येऊन बसले.

"मला अटक करा," ते फौजदार ढोबळेबाईंना म्हणाले, "आणि माझ्या मुलाला कळवा. अटक झाली की घरच्यांना कळवावंच लागतं ना?"

ढोबळेबाईंच्या लक्षात आलं. मुलाने सहा वर्षांपूर्वी, आपल्याकडे येणारा प्रत्येक निरोप तपासणाऱ्या गाळणीच्या नको-यादीत वडिलांचं नाव घालून टाकलं होतं. तेव्हापासून त्यांचा फोन, त्यांचं पत्र, कुणाहाती धाडलेला निरोप, सगळं ती गाळणी ओळखायची आणि परत पाठवायची. पोलिसांची अटकेची सूचना तेवढी तिला अडवता येत नसे.

बाईंनी टेबलावरच्या, कायद्याचा सल्ला देणाऱ्या यंत्राला विचारलं.

"किरकोळ गुन्हा," यंत्र म्हणालं. "नोटीस देऊन घरी सोडा. अटकेला कारण लागेल."

"कसलं कारण?" काकांनी विचारलं.

"आरोपी पुरावा नष्ट करेल, साक्षीदाराला धमकावेल, नाहीतर पळून जाईल, असं काहीतरी," बाई म्हणाल्या. "तुम्ही तर सगळं कबूल करून बसलात, काका."

"मी पळून जाईन," काका घाईघाईने म्हणाले.

बाईंनी त्यांच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि नोटीस पुढे सरकवली. "सही करा. रिक्षा बोलावू का?"

काका सही न करताच उठले. काठी टेकत, एकेक पायरी उतरत फाटकापर्यंत गेले.

"बाई, मी पळालोय हो!" त्यांनी ओरडून सांगितलं, आणि कुणीतरी मागे धावत येईल म्हणून तिथेच उभे राहिले.