कोची ते ऑकलंड

माझी बायको एलिकुट्टी शेवटपर्यंत विचारत होती, "जिन्सी कुठवर आली?" आमची मुलगी ऑकलंडला नर्स आहे. मी फोन केला तशी ती निघाली होती, पण कोची तिथून साडेअकरा हजार किलोमीटर, त्यात दोनदा विमान बदलायचं. फादरनी तिच्यासाठी दफन एक दिवस पुढे ढकललं. जिन्सीनं आईच्या गार कपाळावर ओठ टेकवले आणि तोंडावर रुमाल पांघरला.

आठवड्यानं परत जाताना विमानतळावर ती म्हणाली, "अप्पच्चा, तब्येत बिघडली की लगेच फोन करा. तशीच निघाले तरी तेवीस तास लागतात."

 

मी म्हटलं, "करीन, मोळे. आदल्या दिवशीच करीन."